घरचा पोहण्याचा तलाव आणि पंपाचें वेळापत्रक

बंगल्याच्या आवारांत पोहण्याचा तलाव बांधतांना फरशी कोणती आणि खोली किती, याचा विचार पुष्कळ होतो; परंतु तेथील पाणी निर्मळ राखणारा पंप किती वेळ व केव्हां चालावा, हें बहुधा माळ्याच्या संवयीवर सोंपविलेलें असतें. मग महिनाअखेर विजेचें बिल हातीं आलें म्हणजे तलावाला बोल लावला जातो. वस्तुतः दोष तलावाचा नसून वेळापत्रकाचा असतो.

प्रथम पाण्याचा हिशेब केला पाहिजे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावांत ७५,००० लिटर पाणी मावतें. पंप ताशीं १२,५०० लिटर पाणी गाळणींतून फिरवीत असेल, तर तितकें पाणी फिरण्यास ६ तास लागतील. यास एक फेरी म्हणावें. मात्र एका फेरींत प्रत्येक थेंब गाळला जातो, असें नाहीं. गाळलेलें पाणी न गाळलेल्यांत मिसळत जातें; म्हणून हें मिश्रण पुरें होतें असें धरल्यास, एका फेरींत सुमारें ६३ टक्के, दोहोंत ८६ टक्के व तिहींत ९५ टक्के पाणी गाळलें जातें. लाभ असा उत्तरोत्तर घटत जातो, खर्च मात्र प्रत्येक फेरीस सारखाच. घरच्या चारचौघांच्या तलावाला दिवसाकाठीं एखादी फेरी सामान्यतः पुरते. चोवीस तास पंप चालविणें हा निव्वळ अपव्यय होय. फ्लॉरिडा अटलांटिक विद्यापीठांत १२० तलावांचा अभ्यास झाला. वेळ कमी केल्यानें व पंप लहान बसविल्यानें पंपाचा खर्च ७५ टक्क्यांपर्यंत उतरूं शकतो, असें त्यांत आढळलें.

दुसरी गोष्ट वेगाची. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणीही निम्मेंच वाहतें. परंतु लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत घटून एक-अष्टमांशावर येते. १ किलोवॅट घेणारा पंप पूर्ण वेगानें ६ तासांत ६ युनिटें वीज खातो. तोच निम्म्या वेगानें १२ तास चालविला, तर फेरी तेवढीच होऊन हिशेबानें दीड युनिट लागतें. मंद वेगांत मोटरीची कार्यक्षमता कांहींशी घटते, म्हणून प्रत्यक्ष बचत थोडी कमी भरेल. तरीही ती मोठीच राहील. हा नियम गच्चीवरील टांकीला मात्र लावूं नये. तेथें पाणी उंच चढवावयाचें असतें, आणि पंप मंद केला म्हणून उंची कमी होत नाहीं. तलावाचें पाणी जेथून निघतें तेथेंच परत येतें. पंपाचें भांडण असतें तें केवळ नळ व गाळणी यांतील घर्षणाशीं.

तिसरी गोष्ट घड्याळाची. भारत सरकारनें २०२३ सालीं वीजग्राहकांच्या हक्कांविषयींचे नियम दुरुस्त केले. त्यांप्रमाणें, स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांस दिवसाच्या आठ सौर तासांत वीज नेहमीच्या दराहून निदान २० टक्के स्वस्त मिळावी व मागणीच्या ऐन भरांत ती महाग असावी, असें ठरलें. हे तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. म्हणून आपल्या बिलावरील वेळा पाहूनच टाइमर लावावा. एकाच वेगाचा पंप असल्यास त्याचे सहा तास या स्वस्त काळांतच बसवावे. वेग बदलणारा पंप असल्यास मात्र स्वस्ताईच्या मागें धांवून वेग वाढवूं नये. तीच फेरी आठ तासांत पुरी करण्यास पाऊण वेग लागतो व त्यास सुमारें ३.४ युनिटें पडतात. २० टक्के सूट धरली तरी तीं २.७ युनिटांच्या मोलाचीं होतात. बारा तासांचें दीड युनिट त्याहून स्वस्तच. दर पाहण्यापूर्वीं वेग पहावा, तो यासाठीं.

बचतीच्या भरांत एक मर्यादा मात्र ओलांडूं नये. पाणी स्वच्छ दिसणें निराळें आणि निर्दोष असणें निराळें. गाळणी कचरा धरते, रोगजंतु मारण्याचें काम क्लोरिनचें. आणि हें क्लोरिन उन्हांत झपाट्यानें नाश पावतें. पाण्यांत मुक्त क्लोरिन लिटरमागें निदान १ मिलिग्रॅम, सायन्यूरिक आम्ल वापरीत असल्यास २ मिलिग्रॅम, आणि पी-एच ७.० ते ७.८ असावा. तपासणी मुलें पाण्यांत उतरण्यापूर्वीं करावी, व औषध पंप चालू असतांनाच घालावें. पृष्ठभागावरील पानें ओढून घेण्यास आणि गाळणी उलट धुण्यास पूर्ण वेग लागतो. त्यासाठीं थोडा वेळ राखावा.

वेळ एकदम न तोडतां अर्ध्या अर्ध्या तासानें कमी करावी व दरवेळीं कांहीं दिवस पाण्याची परीक्षा घ्यावी. तें गढूळ वा हिरवट होऊं लागल्यास, पाहुण्यांची गर्दी झाल्यास किंवा मोठा पाऊस पडल्यास वेळ पुन्हां वाढवावी. विजेच्या बिलांत वांचलेले चार रुपये मुलांच्या औषधपाण्यांत जाऊं नयेत, एवढें भान राखलें म्हणजे काटकसर खरी ठरते.