सॉफ्टवेअरवाल्याला ‘खाडा’ माहीत नसतो!



धंदा थोडा वाढला की वाटतं, आता वही बंद, सॉफ्टवेअर करून घेऊ. पैसे जातात, स्क्रीनही छान दिसते आणि दोन महिन्यांत वही पुन्हा बाहेर येते. असं का होतं? एक मोठं कारण म्हणजे बनवणाऱ्याला कोडिंग येतं, पण तुमचा धंदा माहीत नसतो. आणि तो आपण त्याला नीट सांगितलेला नसतो.

यावर उपाय आहे कन्सेप्च्युअल मॉडेल. नाव मोठं आहे, काम सोपं. धंद्यात कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्या गोष्टींचं एकमेकांशी नातं काय, हे दाखवणारा कागदावरचा आराखडा. पीटर चेन यांनी १९७६ साली याची एक पद्धत मांडली: ज्याची नोंद ठेवायची त्याचा चौकोन, दोन चौकोनांमधलं नातं शंकरपाळ्याच्या आकारात. ही पद्धत आजही शिकवली जाते.

आता उदाहरण बघू. समजा, तुमची मेस आहे. बाहेरचा माणूस काय चौकोन काढेल? ग्राहक, ऑर्डर, बिल. हॉटेलला हे चालेल. पण मेसमध्ये रोज कोणी ऑर्डर देतं का? मेस चालते महिन्याच्या कार्डावर! म्हणजे चौकोन हवेत मेंबर, कार्ड आणि खाडा.

खाडा. मुलगा गावी गेला, आदल्या दिवशी सांगून गेला, तर तेवढे दिवस कार्ड पुढे सरकतं. न सांगता गेला तर नाही. काही ठिकाणी सलग दोन-तीन दिवस असतील तरच खाडा धरतात. तुमचा नियम कोणता? तो कागदावर नसेल तर महिनाअखेरीला भांडण ठरलेलं. म्हणून खाड्याच्या नोंदीत दोन तारखा लागतात: कधी सांगितलं आणि कोणत्या दिवसाचा आहे.

कार्ड. ‘शिल्लक दिवस’ मेंबरच्या नावापुढे लिहिले, तर नवीन कार्ड सुरू झालं की जुना हिशोब पुसला जातो. म्हणून एका मेंबरची अनेक कार्डं, आणि एका कार्डावर अनेक खाडे, असं नातं ठेवा.

दर. आज कार्ड २,८०० रुपयांचं आहे, पुढच्या महिन्यात ३,००० होईल. चालू कार्डवाल्याला जुनाच दर लागणार ना? मग दर त्या कार्डावरच नोंदवला पाहिजे.

पैसे कोण देतं? जेवतो मुलगा, पैसे पाठवतात वडील. एखाद्या ऑफिसचे दहा डबे जातात, पैसे एकच माणूस देतो. म्हणजे जेवणारा आणि पैसे देणारा वेगळे असू शकतात. हे आधी लक्षात आलं नाही, तर उधारी कोणाच्या नावावर टाकायची?

बघा, यातलं काहीही कॉम्प्युटरच्या पुस्तकात सापडणार नाही. हे गल्ल्यावर बसणाऱ्याला माहीत असतं, म्हणजे तुम्हाला!

मग करायचं काय?

१. जुनी वही काढा. त्यातले रकाने आणि समासात खरडलेल्या टिपा वाचा. वारंवार येणारे शब्द म्हणजे तुमचे चौकोन.

२. प्रत्येक जोडीला विचारा: एकाला एक, की एकाला अनेक?

३. गेल्या वर्षातली पाच भांडणं आठवा. प्रत्येक भांडण या कागदावरून सुटतं का, ते तपासा. सुटत नसेल तर काहीतरी राहिलंय.

४. स्वयंपाकाच्या मावशी आणि डबे पोचवणाऱ्या दादांना कागद दाखवा. त्यांच्या तोंडून हमखास एखादा ‘पण’ निघतो, तोही लिहून घ्या.

एक सावधगिरी: सगळंच भरू नका. कोणाला तिखट चालत नाही, हे डबा भरताना लागत असेल तर ठेवा. ज्याच्यावरून कुठलाच निर्णय होत नाही, ती नोंद नको.

मेस नसेल, शिलाईचं दुकान किंवा दूध संकलन केंद्र असेल, तरी रीत हीच. तुमच्याही धंद्यात ‘खाडा’सारखा एखादा शब्द असणारच, जो बाहेरच्याला कळत नाही. आज तो शोधा, पहिला चौकोन त्याचा काढा आणि मगच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा.