आधी पाणी, मग औषध!

तुमचा अरोवाना दोन दिवस खात नाहीये, नुसता कोपऱ्यात बसून आहे? थांबा, दुकानातून औषधाच्या बाटल्या आणून टँकमध्ये ओतू नका. आधी पाणी तपासा.

माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात. टेस्ट किटवर अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसलं, तर दुखणं बहुधा तिथेच आहे. रोज २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं हवं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने ते जीवाणूच मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या.

मग त्याला शांतता द्या. लाइट बंद, एअर पंप सुरू, काचेवर टकटक अजिबात नाही. झाकण मात्र घट्ट हवं. बिथरलेला अरोवाना उडी मारून थेट फरशीवर येतो. मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो, जबरदस्ती नको.

जखम किंवा उभे राहिलेले खवले दिसले, तर माशांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

आणि हो, सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढू शकतो. टँक दोन फुटी असेल, तर तो बरा होऊन पुन्हा आजारीच पडणार. औषधाआधी त्याला जागा द्या.