निसरड्या चढावर एटीव्ही: रेस वाढवून का भागत नाही?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले सतराशे साठ 'म्हणजे' तेवढे काढलेत.

राजूरला मित्राच्या शेतात आवणी चालू होती. त्याची जुनी एटीव्ही घेऊन मी खाचरामागच्या टेकाडावर निघालो. मध्यावर चाकं जागेवरच फिरायला लागली. मी काय केलं? रेस वाढवली. इंजिनियर ना! चाकांनी खड्डे खोदले आणि गाडी मागे घसरायला लागली.

अडचण ताकदीची नव्हतीच, पकडीची होती. ओल्या चिकट मातीवर टायरचा घर्षणगुणांक समजा 0.3 धरला. मग चारही चाकं ओढत असली तरी साधारण 17 अंशांपुढचा चढ गाडी सावकाश चढूच शकत नाही, कारण 17 अंशांचा टॅन्जंट 0.3 च्या आसपास येतो. इंजिन कितीही सीसीचं असो. फक्त मागची चाकं ओढत असतील तर गणित आणखी खाली येतं.

म्हणून वेग खालीच घ्यायचा, गिअर लो, रेस एकसारखी आणि अंग पुढे झुकलेलं. बाईकच्या कॅरियरवर खताची गोणी टाकून घाट चढलात तर पुढचं चाक कसं हलकं लागतं? इथं तेच होतं. एटीव्ही आखूड असते. चढावर झटक्यात रेस दिली की पुढची बाजू उचलते आणि दोन-तीनशे किलोचं धूड अंगावर येतं.

अडकलात तर गाडी आडवी वळवू नका, कडेवर उलटेल. मागे घसरत असाल तर अंग चढाकडे ठेवा, पुढचा ब्रेक हळूहळू दाबा, आणि पूर्ण थांबल्यावरच मागचा. नुसता मागचा करकचून दाबला की मागची चाकं थांबतात आणि बाकीची गाडी त्यांच्यावरून उलटी येते. मी नेमका तोच दाबणार होतो.

"पुढचा दाब रे, पुढचा!" मित्र बांधावरून ओरडला.

गाडी थांबली. मी बाजूला उतरलो. वरच्या आंब्याला दोर गुंडाळून ती सावकाश खाली सोडली.

आणि हो, हे सगळं मित्राच्या मालकीच्या जागेत. जवळच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथं रस्ता सोडून गाडी घालायची नाही.

संध्याकाळच्या सरीत माझ्या खड्ड्यांतून ओहोळ सुरू झाला, माती थेट खाचरात. दुसऱ्या दिवशी ते बुजवण्यात आमचा अर्धा दिवस गेला. आवणी तेवढी मागे पडली.