अडलेला संगणक व प्रिंटर : घरच्या घरीं करावयाची पाहणी

सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं शेतकऱ्यास पूर्वीं तलाठ्याच्या सजावर खेपा घालाव्या लागत. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळण्याची सोय झाली व १५ रुपये फी भरून तो घरबसल्या उतरवून घेतां येऊं लागला. त्यामुळें पुष्कळ बागाईतदारांच्या घरीं आतां संगणक व प्रिंटर येऊन बसले आहेत. परंतु सोयीबरोबर एक परवशताही आली आहे. कर्जाच्या अर्जाची मुदत संध्याकाळीं संपावयाची आणि नेमक्या त्याच दुपारीं प्रिंटरनें कागद ओढावयाचा नाहीं, असा प्रसंग आला म्हणजे मनुष्य हवालदिल होतो. यंत्र तालुक्यास नेतो, आणि सैल झालेली एक वायर बसवून घेण्यासाठीं पैसे व दिवस दोन्ही खर्चून परत येतो. असा दिवस पेरणीच्या हंगामांत किती महाग पडतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून नेहमीं येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय येथें देत आहों.

जमिनीचा पंचनामा चतुःसीमेपासून सुरू करतात. यंत्राचाही तसाच करावा. प्रथम प्लग, बटण व दोन्ही टोकांच्या वायरी पाहाव्या. पडद्यावर कांहीं सूचना आली असल्यास ती अक्षरशः वहींत उतरून घ्यावी. नंतर एका वेळीं एकच फेरफार करावा व परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशांत होता तें कळत नाहीं. संगणक अडखळूं लागला तर तो ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत ‘शट डाउन’ केल्यानें यंत्रणेचा कांहीं भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो व दोषही राहूं शकतो. ‘रीस्टार्ट’नें ती नव्यानें सुरू होते.

संगणक मुळींच सुरू होत नसेल, तर त्याच बोर्डांत दिवा लावून वीज येते कीं नाहीं तें पाहावें. पेटीच्या मागील बाजूस बहुधा एक लहान बटण असतें; झाडलोटींत तें बंद झालेलें पुष्कळदां आढळतें. तें ठीक असल्यास प्लग काढून सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें व पुनः प्लग लावावा. पंखा फिरतो पण पडदा काळा, असें असेल तर पडद्याची वायर तपासावी. ती ठीक असूनही पेटी टींटीं वाजत असेल, तर प्लग काढून रॅमची पट्टी अलगद बाहेर काढावी, तिचे सोनेरी दांते मऊ खोडरबरानें पुसावे व ती घट्ट बसवावी.

खेड्यांत वारंवार आढळणारा आणखी एक दोष तारखेचा होय. आंतील घड्याळ चालूं ठेवणारी नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी, बहुधा सीआर२०३२ या क्रमांकाची, संपली म्हणजे वीज जातांच संगणकाची तारीख कित्येक वर्षें मागें जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांस मुदत असते. मागील तारखेस तें प्रमाणपत्र लागूच झालेलें नसल्यामुळें ‘जोडणी सुरक्षित नाहीं’ अशी सूचना येऊन पान उघडत नाहीं. लोक इंटरनेटला दोष देतात. वास्तविक तारीख सुधारली व बॅटरी बदलली म्हणजे काम भागतें.

आतां प्रिंटरकडे वळूं. छपाईचे हुकूम रांगेनें जातात. पहिला अडला कीं मागील सर्व खोळंबतात. बटण पुनः पुनः दाबल्यानें रांग मात्र वाढते. रांग उघडून सर्व हुकूम रद्द करावे. ते रद्द होत नसतील तर ‘सर्व्हिसेस’मध्यें जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा, प्रिंटर बंद करून चालूं करावा, संगणक ‘रीस्टार्ट’ करावा आणि मग पुनः रद्द करून पाहावें. वायफायचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर संगणक व प्रिंटर एकाच जाळ्यावर आहेत कीं नाहीं तें पाहावें.

उताऱ्याची कडा कापली जात असेल, तर कागदाचें माप बहुधा ‘लेटर’ असतें; तें ‘ए४’, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, असें करावें. मराठी अक्षरांच्या जागीं चौकटी छापल्या जात असतील, तर ॲडोब रीडरच्या छपाईच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागांत ‘प्रिंट ॲज इमेज’ यावर खूण करावी.

पावसाळ्यांत कागद ओल धरतो व अडकतो. म्हणून रिमाचें वेष्टन बंद ठेवावें. अडकलेला कागद प्रिंटर बंद करून दोन्ही हातांनीं, कागदाच्या चालण्याच्या दिशेनें, सावकाश ओढावा. लेझर प्रिंटरचा आंतील भाग फार तापतो. तो निवूं द्यावा. त्याची छपाई फिकट येऊं लागली, तर टोनरची पेटी काढून आडवी धरावी व पांच-सहा वेळां हळूच हलवावी. शाईच्या प्रिंटरची तोंडें न वापरल्यास वाळतात, म्हणून आठवड्यांतून एक रंगीत पान छापावें. तोंडें साफ करण्याचा हुकूम दोन-तीनदां देऊनही गुण न आल्यास कांहीं तास थांबावें. प्रत्येक वेळीं शाई खर्च होते. लेझर प्रिंटर लहान यूपीएसवर कधींही जोडूं नये. तापतांना तो एकदम इतकी वीज ओढतो कीं यूपीएस बंद पडतो. विजा कडाडूं लागल्या म्हणजे सर्व प्लग व इंटरनेटची वायरही काढून ठेवावी.

स्वतःच्या हातानें करावयाच्या कामास मर्यादाही आहे. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा व यूपीएस उघडूं नये. प्लग काढल्यावरही त्यांत घातक वीज शिल्लक राहते. हार्ड डिस्क टकटक वाजूं लागली तर काम थांबवून जाणत्यास दाखवावें. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणीं आधींच ठेवलेली असावी.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रांत नाहीं. प्रिंटर बंद पडला म्हणून इंटरनेटवर शोधून मिळालेल्या मदतीच्या क्रमांकांत लुच्च्यांचे क्रमांक मिसळलेले असतात. ते दुरून संगणक चालविण्याचें सॉफ्टवेअर घालावयास सांगतात, ओटीपी विचारतात, आणि पिकाच्या विक्रीचे पैसे खात्यांतून नाहींसे होतात. मदतीचा क्रमांक यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंतूनच घ्यावा व ओटीपी कोणासही देऊं नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं खबर पोहोंचली तरच ती अडविण्याची आशा असते.

कोणता दोष केव्हां आला व कशानें गेला, याची तारीखवार नोंद प्रत्येक घरांत असावी. दोन-चार वर्षांत ही वही घरांतील मुलांस पुष्कळ कांहीं शिकवील, आणि मुदतीच्या दिवशीं शेतकऱ्यास दुसऱ्याच्या दारीं उभें राहण्याची पाळी सहसा येणार नाहीं.