सापडलेले आणि लागण झालेले

दर वर्षी १ डिसेंबरच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांमध्ये एक बातमी हमखास येते. यंदा इतके नवे एचआयव्हीबाधित आढळले, गेल्या वर्षीपेक्षा इतके कमी किंवा इतके जास्त. आकडा उतरलेला असला की जनजागृतीचं यश, चढलेला असला की चिंताजनक वाढ. जवळपास चाळीस वर्षं आपण हा आकडा असाच वाचत आलो आहोत. खरं तर त्या वर्षी तपासणीत किती जण सापडले, एवढंच तो सांगतो. त्यांना लागण कधी झाली हे त्यातून कळत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून, औषध नसेल तर, एड्सची लक्षणं दिसायला साधारण आठ-दहा वर्षं जातात. तेवढा काळ माणूस शेतात राबतो, ट्रक चालवतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात, आणि कोणत्याही नोंदीत तो नसतो. या अंतराचा विसर पडल्यामुळे आपण या साथीचं चित्र कधी फुगवलं, कधी आकसून दाखवलं. त्याचे चटके बसले ते मात्र एकेकट्या माणसांना.

सुरुवातच घ्या. १९८५ पर्यंत हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपल्याकडच्या कुटुंबव्यवस्थेत त्याला थारा मिळणार नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. देशात एकही रुग्ण नोंदलेला नव्हता, कारण कुणी शोधतच नव्हतं. मद्रास मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी त्यांची विद्यार्थिनी एस. निर्मला हिला प्रबंधासाठी हाच विषय दिला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. निर्मलाने सरकारी सुधारगृहातल्या, देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते ठेवायला धड सोय नव्हती, म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नेले, कारण तपासणीची सोय तिथे होती. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही तेच आलं आणि १९८६ च्या मे महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेत ते जाहीर झालं. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली.

एका विद्यार्थिनीच्या चिकाटीने देशाचे डोळे उघडले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र त्या पहिल्या शोधातून एक चुकीची सवयही लागली. पहिले नमुने देहविक्रय करणाऱ्या बायकांचे होते, म्हणून पुढची तपासणीही प्रामुख्याने त्यांचीच झाली. कामाठीपुऱ्यात तपासलं, तिथे सापडलं. बुधवार पेठेत तपासलं, तिथेही सापडलं. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमधल्या निम्म्याच्या आसपास बायका बाधित होत्या, ही भीषण वस्तुस्थिती होतीच. पण त्या वस्तीत येऊन परत आपल्या गावी जाणारा पुरुष त्या काळच्या आकड्यांत जवळपास कुठेच दिसत नव्हता. ज्यांना तपासलं त्याच बायका रोगाचा उगम ठरल्या.

गोव्यात जे घडलं ते तर कायद्याच्या आधाराने. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदाता होता. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. तोवर गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद झाली होती. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस कोंडून ठेवलं गेलं. त्याची आई लुसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका केली. तो सुटला, पण अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक थांबला नाही. त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारायला घेतली आणि १९९२ मध्ये तो गेला. जे कधी तपासलेच गेले नाहीत, ते त्या ६४ दिवसांत गोव्यात मोकळे हिंडत होते. त्यांच्यापासून कुणाचं रक्षण झालं? सापडलेल्याला शिक्षा होते, हे दिसल्यावर तपासणीला कोण येणार?

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आली. सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेचं काम याच सुमारास सुरू झालं आणि पुढे १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीतल्या देहविक्रय करणाऱ्या बायका स्वतःच निरोध वाटत, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर त्याला परत पाठवत. रक्तपेढ्यांना शिस्त लागायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल यावा लागला. त्यानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. नोकरीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मोठा निकाल दिला. केवळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करू शकणाऱ्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं.

या काळात देशाचा एकूण अंदाज निघत होता तो सेंटिनल पाहणीतून. ठरावीक सरकारी रुग्णालयांत गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या बाह्यरुग्ण विभागातले रुग्ण यांच्या रक्ताचे काही महिने नमुने घ्यायचे आणि त्यावरून राज्याचं, देशाचं गणित मांडायचं, अशी ती पद्धत. त्याच ठिकाणी दर वर्षी मोजलं तर कल कळतो, म्हणून ती उपयोगाची. एकूण संख्या काढायला मात्र ती तोकडी होती. मोठ्या सरकारी रुग्णालयात जे येतात ते सगळ्या समाजाचं प्रातिनिधिक चित्र नसतं. २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांशी संबंधित परिषदेने २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी बाधित असतील असं भाकीत केलं. २००५ साठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा आकडा ५७ लाख होता आणि भारत जगात पहिला असल्याच्या बातम्या आल्या. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २००५-०६ मध्ये, लाखावर लोकांचं रक्त त्यांच्या घरी जाऊन तपासलं गेलं. जुलै २००७ मध्ये नवा अंदाज जाहीर झाला, सुमारे २५ लाख. एका फटक्यात निम्म्याहून कमी.

तेव्हा काहींनी म्हटलं, एवढा बाऊ उगाच केला, सगळं निधी मिळवण्यासाठी होतं. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. २५ लाख माणसं ही थोडी संख्या नव्हे, आणि दक्षिणेतल्या राज्यांत व महाराष्ट्रात तरुण माणसं खरोखर मरत होती. मोजमाप सुधारलं म्हणजे रोग खोटा ठरत नाही.

सापडणाऱ्यांच्या आकड्याला खरं वळण दिलं ते औषधाने. २००० च्या आधी तपासणी करून घेण्यात सामान्य माणसाचा फायदा काय होता? निदान झालं तर हाती काही नाही, आणि घरातून, गावातून, नोकरीतून हकालपट्टी नक्की. तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तेच उपचार सुमारे ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि जगभरचे हिशोब बदलले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचार, सुरू केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आता तपासणीमागे गोळ्या होत्या. लोक येऊ लागले, आणि वर्षानुवर्षं अंगात विषाणू घेऊन जगणारे एकामागून एक नोंदीत आले.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्राची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे डोळ्यांसमोर येईल. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर लाल रिबिनीचं पोस्टर, आत समुपदेशक, शेजारी तंत्रज्ञ. पहिल्या किटवर रेष उमटली की नमुना 'रिॲक्टिव्ह'. मग वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटवर पाहायचं. तिन्हींवर तेच आलं तर पॉझिटिव्ह. मग समुपदेशक दार लावून घेते. फॉर्ममध्ये वय, शिक्षण, व्यवसाय आणि लागणीचा संभाव्य मार्ग असा एक रकाना असतो. माणूस जे सांगेल ते तिथे लिहिलं जातं. सुई टोचून घेतो, किंवा पुरुषाशी संबंध होता, हे आपल्याच तालुक्यातल्या बाईसमोर किती जण सांगतील? या रकान्यांची बेरीज होऊन देशाची आकडेवारी बनते.

याच खोलीत मला या साथीतला सगळ्यांत मोठा अन्याय दिसतो. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी गरोदर बायकांची चाचणी सुरू झाली. हे काम अतिशय चांगलं होतं. त्यामुळे कितीतरी मुलं वाचली. पण त्यामुळे असंख्य घरांत पहिली सापडली ती सून. नवरा मुंबईला, सुरतेला किंवा ट्रकवर. त्याची तपासणी नंतर झाली, कधी झालीच नाही. मग सासू म्हणते, आमच्या घरात हिनेच आणलं. जी आधी सापडली तिनेच आधी आणलं, हा तो हिशोब. नवरा वारल्यावर अशा किती तरी जणी बाळाला कडेवर घेऊन माहेरी परतल्या, आणि घर-जमिनीच्या वाट्यावर पाणी सोडून बसल्या. वर्तमानपत्रं देशाच्या पातळीवर जी गल्लत करत होती, तीच या घरांच्या ओसरीवर होत होती.

आता मोठे आकडे पाहू. २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात नॅकोने दिलेली माहिती गाजली. दहा वर्षांत असुरक्षित संबंधांमुळे १७ लाखांवर लोकांना लागण, असे मथळे आले. ते लोक त्या दहा वर्षांत सापडलेले होते, आणि मार्ग त्यांनी स्वतः सांगितलेला. त्यातला २०११-१२ चा आकडा सुमारे २.४ लाख होता. त्या सुमारास वर्षाला नव्याने लागण होणाऱ्यांचा अंदाज मात्र त्याच्या साधारण निम्मा. म्हणजे त्या वर्षी सापडलेल्यांत मोठा भाग जुन्या, दडलेल्या लागणीचा होता. तेव्हाचा चढलेला आकडा खरं तर कार्यक्रम चांगला चालल्याची खूण होता. याउलट २०२०-२१ मध्ये आकडा ८५ हजारांवर आला. त्यात खरी घट होतीच, पण ते कोविडचं पहिलं वर्षही होतं. गाड्या बंद, बाह्यरुग्ण विभाग बंद, आयसीटीसीचे कर्मचारी कोविडच्या कामावर. त्या वर्षीचा उतार पाहून समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

जुलै २०२४ मध्ये त्रिपुराच्या बाबतीत याचा कळस झाला. ८२८ विद्यार्थी बाधित, ४७ मृत, अशी बातमी देशभर पसरली, जणू एका वर्षात हे घडलं. तिथल्या एड्स नियंत्रण सोसायटीला खुलासा करावा लागला की ही २००७ पासूनची एकत्रित नोंद आहे. खुलासा बातमीइतका पोहोचला नाही. त्रिपुरातल्या शाळा-कॉलेजांत सुईने नशा करण्याचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे. सतरा वर्षांचा आकडा एका दमात सांगितल्याने आधी सनसनाटी झाली, आणि खुलासा आल्यावर अनेकांनी तो प्रश्नच सोडून दिला.

ईशान्येकडे साथीचं रूपच वेगळं आहे. २०२१ च्या अंदाजानुसार मिझोरममध्ये प्रौढांतलं प्रमाण २.७ टक्के होतं, देशाचं ०.२१ टक्के. नागालँड आणि मणिपूर त्याच्या मागोमाग. महाराष्ट्रात टक्केवारी बरीच कमी, पण संख्येने आपण देशात पहिले, चार लाखांच्या आसपास. त्याच वर्षी देशात नव्या लागणी सुमारे ६३ हजार होत्या, २०१० च्या तुलनेत ४६ टक्क्यांनी कमी, आणि एड्समुळे होणारे मृत्यू तीन चतुर्थांशांनी घटलेले. त्यानंतरच्या, २०२३ च्या फेरीत घट ४४ टक्के दिसते. दर फेरीत नवी माहिती घालून मागची सगळी वर्षंही पुन्हा मोजली जातात, त्यामुळे दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवून वाढ झाली की घट, हे ठरवता येत नाही. घट खरी आहे आणि ती मंदावते आहे, एवढं मात्र कुठल्याही फेरीतून दिसतं.

एप्रिल २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचं धोरण आलं. त्याआधी सीडी४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठरावीक पातळीखाली घसरेपर्यंत थांबावं लागे. १० सप्टेंबर २०१८ पासून भेदभाव रोखणारा आणि गोपनीयता राखणारा कायदा लागू आहे. आज १६ लाखांहून जास्त लोक रोज गोळ्या घेतात. तरीही देशातल्या बाधितांपैकी साधारण पाचातल्या एकाला आपली लागण माहीतच नाही.

म्हणून पुढच्या डिसेंबरात जिल्हा एड्स नियंत्रण विभागाकडून आकडे येतील तेव्हा तीन गोष्टी सोबत मागाव्यात, ही माझी पत्रकार मित्रांना कळकळीची विनंती आहे. किती चाचण्या झाल्या, आणि त्या कोणाच्या. सापडलेल्यांपैकी किती जणांच्या जोडीदारांची तपासणी झाली. आणि पहिल्याच भेटीत किती जणांची सीडी४ संख्या दोनशेच्या खाली होती. दोनशेच्या खाली येणारा माणूस नव्याने सापडलेला असतो, पण त्याची लागण बहुधा अनेक वर्षांची असते, आणि त्या वर्षांत तो कुठल्या तरी दवाखान्यात जुलाबासाठी, क्षयासाठी, नागिणीसाठी गेलेला असतो. तिथे कुणी त्याला चाचणी करायला सांगितलं होतं का, हेही विचारायला हवं.