हिशेबाच्या नोटबुकला 'लँग्वेज सर्व्हर' : काय करतो व कसा बसवावा?

कार्ले-लोणावळा भागातील व्यापारी बांधवांची मुले आता कॉलेजातून पायथन ही संगणकाची भाषा शिकून येतात. तयार कपड्यांच्या दुकानाची विक्री, शिल्लक माल आणि जीएसटी यांचा हिशेब ती 'ज्युपिटर' नोटबुकमध्ये मांडू शकतात. हा प्रोग्राम मोफत मिळतो. वहीच्या पानासारखे त्यात एकाखाली एक चौकोन असतात, त्यांना 'सेल' म्हणतात. सेलमध्ये सूत्र लिहून चालवले की उत्तर त्याच्याच खाली उमटते.

सूत्र चालवण्याचे काम करणाऱ्या भागाला 'कर्नल' म्हणतात. तो सांगितले तेवढे करतो, पण एकदा चालवलेली गोष्ट तो लक्षात ठेवतो. समजा, एका सेलमध्ये सूट 10 टक्के लिहून चालवली आणि नंतर तो सेल पुसला. कर्नलच्या स्मरणात ती सूट राहतेच, त्यामुळे दिवसभर बिले बरोबर निघतात. दुसऱ्या दिवशी संगणक नव्याने सुरू केला की तेच नोटबुक अडून बसते, आणि गिऱ्हाईक समोर उभे असते.

इथे लँग्वेज सर्व्हर कामी येतो. हा वेगळा प्रोग्राम आहे. तो काहीही चालवत नाही, फक्त पानावर लिहिलेले वाचतो. सूट सांगणारा सेल पुसताच खालच्या बिलातील 'सूट' या नावाखाली तो नागमोडी रेघ ओढतो. शिवाय अर्धे नाव लिहिल्यावर पुढचे सुचवतो आणि एखादे सूत्र कशासाठी आहे ते दाखवतो.

अशा सोयी पूर्वीही होत्या, परंतु प्रत्येक संपादकासाठी प्रत्येक भाषेची सोय वेगळी बनवावी लागे. 2016 साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडएन्व्ही यांच्यासह दोघांमधील बोलण्याची एक समान पद्धत जाहीर केली. तिला 'एलएसपी' म्हणतात. कार्ल्याच्या लेण्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी, धेनुकाकटचा सुगंधी मालाचा व्यापारी आणि यवन अशा निरनिराळ्या दात्यांचे लेख आहेत. मात्र सर्वांची लिपी ब्राह्मी व भाषा प्राकृत आहे. समान भाषा असली की दर व्यवहाराला नवा दुभाषा लागत नाही. एलएसपीचा उपयोग तोच.

बसवण्याची रीत

संगणकावर पायथन व ज्युपिटरलॅब आधी असावे. पुढील आज्ञा टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

1. 'पिप इन्स्टॉल ज्युपिटरलॅब-एलएसपी'. ही झाली फक्त जोडणी. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि काहीच घडत नाही म्हणून तक्रार करतात.

2. 'पिप इन्स्टॉल पायथन-एलएसपी-सर्व्हर', आणि त्याला लागून चौकोनी कंसात 'ऑल'. हा खरा वाचणारा. 'ऑल' राहिले तर नावे सुचवली जातील, पण चुका दाखवणारे भाग येणार नाहीत.

3. ज्युपिटरलॅब पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे.

दोन्ही वस्तू ज्युपिटरलॅब ज्या पायथनमध्ये आहे त्याच पायथनमध्ये बसवाव्यात. एका संगणकावर दोन पायथन असले की इथेच घोटाळा होतो. इंटरनेट बसवण्यापुरते लागते. नंतर सर्व्हर आपल्याच संगणकावर चालतो, म्हणून खातेवही वाचण्यासाठी बाहेर पाठवावी लागत नाही. 'ओळ फार लांब आहे' अशाही सूचना येतील. त्या टापटिपीच्या आहेत, त्यांनी हिशेब बिघडत नाही.

जे त्याला कळत नाही

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, लँग्वेज सर्व्हर भाषा तपासतो, हिशेब नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर प्रतिनग 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के व त्यावर 18 टक्के जीएसटी झाला. पूर्वी 1,000 रुपयांपर्यंत 5 व त्यावर 12 टक्के होता. नोटबुकमध्ये जुनी मर्यादा राहिली असेल, तर 1,800 रुपयांच्या कुर्त्यावर 90 ऐवजी 216 रुपये कर लागेल. प्रत्येक नगामागे 126 रुपये गिऱ्हाईकाकडून जादा घेतले जातील, आणि पानावर एकही नागमोडी रेघ दिसणार नाही, कारण पायथनच्या दृष्टीने तिथे काहीच चुकलेले नाही.

म्हणून कराचे दर व मर्यादा नोटबुकच्या अगदी वरच्या सेलमध्ये, लागू झाल्याच्या तारखेसह लिहाव्यात. दर बदलला की तो सेल प्रथम बदलावा, कर्नल नव्याने सुरू करून सर्व सेल क्रमाने चालवावेत आणि एक बिल हाताने मांडून ताडून पाहावे. लिहिण्यातील चूक सर्व्हर पकडेल. दराची जबाबदारी मात्र गल्ल्यावर बसणाऱ्याचीच राहते.