फार्न बेटांभोवतीचे सागरी कयाकिंग व पक्षिनिरीक्षण

फार्न बेटे हा इंग्लंडच्या ईशान्य भागात, नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यासमोर उत्तर समुद्रात असलेला लहान, खडकाळ बेटांचा समूह होय. समुद्रपक्ष्यांच्या वीणवसाहतींसाठी तो प्रसिद्ध आहे. कयाक म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालविली जाणारी अरुंद होडी. तिच्यातून या बेटांभोवती फिरून पक्षी पाहता येतात. एप्रिल व मे महिन्याचा पूर्वार्ध हा या हंगामाचा प्रारंभ होय. पक्षी याच वेळी वसाहतींत परततात, पण समुद्र अजून थंड असतो. त्यामुळे होडीस्वार आणि पक्षी या दोघांच्याही दृष्टीने हा काळ जोखमीचा असतो.

भूरचना

ही बेटे किनाऱ्यापासून सुमारे २.५ ते ७.५ किलोमीटर अंतरावर असून ती डोलेराइट या कठीण अग्निजन्य खडकाची बनलेली आहेत. भरतीच्या वेळी सुमारे १५ बेटे दिसतात. ओहोटीला बुडालेले खडक उघडे पडून ही संख्या २० हून अधिक होते. किनाऱ्याजवळील गटात इनर फार्न, तर बाहेरील गटात स्टेपल व लाँगस्टोन ही प्रमुख बेटे आहेत. दोन्ही गटांमध्ये स्टेपल साउंड नावाची सामुद्रधुनी आहे.

समुद्राची स्थिती

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला येथे पाण्याची पातळी सुमारे ४ मीटरने चढते-उतरते. एवढे पाणी बेटांमधील अरुंद वाटांतून जाताना प्रवाहाला मोठा वेग येतो. वारा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वाहत असल्यास उभ्या, फुटणाऱ्या लाटा उठतात. म्हणून अनुभवी कयाकस्वार भांगाच्या भरतीचे दिवस निवडतात आणि भरती-ओहोटीमधील स्थिर पाण्याच्या वेळी सामुद्रधुनी ओलांडतात. ७ सप्टेंबर १८३८ रोजी ‘फॉरफरशायर’ ही आगबोट येथील खडकांवर फुटली. तेव्हा लाँगस्टोनच्या दीपगृह-रक्षकाची कन्या ग्रेस डार्लिंग आपल्या वडिलांसह वल्ह्याच्या होडीतून वाचलेल्यांच्या मदतीला गेली होती.

एप्रिलमध्ये पाण्याचे तापमान ७ ते ८ अंश सेल्सियसच्या आसपास असते. हवा उबदार असली, तरी अशा पाण्यात पडताच श्वास अनावरपणे ओढला जातो व पाणी छातीत जाण्याचा धोका असतो. सुमारे १० मिनिटांत हातांतील शक्ती ओसरू लागते आणि उलटलेल्या होडीत परत चढणे कठीण होते. त्यामुळे पोशाख हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानानुसार निवडतात. जीवरक्षक जाकीट, जलाभेद्य पोशाख व संदेशयंत्र आवश्यक मानले जाते; एकट्याने जाणे टाळतात.

पक्षिजीवन

पफिन हिवाळा खुल्या समुद्रात काढतात. मार्चअखेरीस व एप्रिलमध्ये ते परततात, पण लगेच बिळांत शिरत नाहीत. प्रथम ते बेटांलगतच्या पाण्यावर मोठ्या थव्यांनी तरंगतात, काही काळ जमिनीवर येतात व पुन्हा समुद्रावर जातात. पुढे मादी बिळात एकच अंडे घालते. गिलेमॉट घरटे बांधत नाही. कड्याच्या उघड्या कपारीवर ती एकच, नासपतीच्या आकाराचे अंडे घालते. पाणकावळ्यांच्या कुळातील शॅग लवकर घरटी बांधतो, तर आर्क्टिक सुरय मे महिन्यात येतो. हा सुरय दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परततो. १९८२ साली येथे कडी घातलेले एक पिल्लू त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आढळले.

कयाक व पक्ष्यांची सुरक्षितता

कयाकला इंजिन नसल्यामुळे ती निरुपद्रवी आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात ती आवाज न करता, पाण्यालगत व कड्याच्या अगदी जवळ पोहोचते. पक्ष्यांना ती उशिरा दिसते आणि ते एकदम उडतात. गिलेमॉट दचकून उडाल्यास अंडी कपारीवरून घरंगळतात किंवा कुरव पक्षी ती पळवतात. हंगामाच्या आरंभी, जागा पक्की होण्यापूर्वी, वारंवार त्रास झाल्यास पक्षी ती जागा सोडण्याचीही शक्यता असते.

म्हणून होडी कड्याच्या रोखाने न नेता अंतर राखून त्याला समांतर नेतात. तरंगणाऱ्या थव्यातून वाट काढत नाहीत. पक्षी माना उंचावू लागले, डोकी हलवू लागले किंवा पाण्याकडे सरकू लागले, की मागे फिरणे योग्य ठरते. खडकांवर पहुडलेल्या करड्या सीलांनाही हाच नियम लागू होतो.

संरक्षण

सातव्या शतकात संत कथबर्ट इनर फार्नवर एकांतवासात राहत असत. ६८७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. आयडर बदकांना त्यांनी अभय दिले, अशी परंपरा आहे. स्थानिक लोक या बदकाला आजही कथबर्टच्या नावाने ‘कडीचे बदक’ म्हणतात. १९२५ पासून बेटे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार वन्य पक्ष्यांची वापरातील घरटी व अंडी जाणूनबुजून नष्ट करणे गुन्हा आहे. २०२२ मध्ये बर्ड फ्लूमुळे येथे हजारो पक्षी मेले व बेटांवर उतरणे बंद करण्यात आले. इनर फार्न २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. या आघातानंतर वसाहती सावरण्यासाठी प्रत्येक यशस्वी वीण महत्त्वाची असल्याने, दुरून केलेले निरीक्षणच येथे इष्ट मानले जाते.